मी धुतलेले सिनेमे

आधारच्या मशीनवर माझा अंगठा उठत नाही. दहाही बोटं लावून झाली. केंद्रावरची मुलगी म्हणाली, आजी, जरा जोरात दाबा. मी म्हटलं, दाबून काही होणार नाही बाई, बोटांवरच्या रेघा मी कामावर ठेवून आले. तिला वाटलं धुणंभांडी केली असतील. भांडी घासून अशा रेघा जात नाहीत. मी सिनेमे धुवायचे, त्यात गेल्या.

हे सांगितलं की लोक हसतात. सिनेमे काय धुवायची गोष्ट आहे का? दिवाळी अंकवाल्या बाईसुद्धा आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, हेच लिहून द्या. मी चौथी शिकलेली. लिहायला वेळ लागतो, पण आठवायला लागत नाही.

आधी फिल्मची पट्टी म्हणजे काय ते सांगते, कारण आता कुणी ती पाहिलेली नसते. आता सगळं मोबाइलमधे असतं, तिथं धुण्यासारखं काही नाही. तेव्हा लांबच लांब पट्टी असायची, तिच्यावर एकापुढे एक चौकटीत चित्रं. खाली काचेसारखी पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर दुधावर धरते तशी साय. चित्र सगळं त्या सायीत. आणि त्या सायीत चांदी. खरी चांदी, पैंजणाची असते ती. जुन्या सिनेमात जे काळं दिसतं ते चांदीमुळेच. नायिकेचे केस, दरोडेखोराची घोंगडी, अमावास्येचं आभाळ, सगळी चांदी. जितका अंधार जास्त तितकी चांदी जास्त. आमचे शेठ म्हणायचे, भुताखेताचे सिनेमे आणा, संतांच्या सिनेमात काही निघत नाही.

सिनेमा जुना झाला, चालेनासा झाला, की त्याचे डबे भंगारात वजनावर जायचे. तिथून आमच्याकडे. आम्ही बायका पट्टी उलगडायचो, हातभर लांबीचे तुकडे कापायचो आणि गरम सोड्याच्या पाण्याच्या हौदात बुडवायचो. साय फुगायची, मग बोटांनी निपटून काढायची. काळा गाळ खाली बसायचा. तो वाळवून चांदी काढणाऱ्याकडे जायचा. उरलेली कोरी पट्टी दोरीवर वाळत घालायची, ती जायची बांगड्या करणाऱ्यांकडे. तेव्हा पुण्यातल्या कितीतरी बायकांनी सिनेमे हातात भरले होते, त्यांना ते ठाऊक नव्हतं. मीसुद्धा घातल्यात. फक्त चुलीपुढं बसताना काढून ठेवायचे.

कारण ती पट्टी भयंकर पेट घ्यायची. म्हणून तर आमची शेड गावाबाहेर, कात्रजच्या अलीकडे, वस्ती संपल्यावर होती. पाणी तापवायची चूल शेडपासून पन्नास पावलं लांब. बादल्या वाहून खांदे जायचे. दारावर शेठनी पाटी लावली होती: "येथे विडी ओढू नये. ओढल्यास ओरडायला कोणी उरणार नाही." मला ती वाचता यायची, म्हणून बाकीच्या बायकांना मीच वाचून दाखवली होती.

मी तिथं लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आमचे मालक बाजारात पोती उचलायचे, छातीत कळ आली आणि गेले. मोठी मुलगी तीन वर्षांची, धाकटी पोटात. पर्वतीच्या पायथ्याला पत्र्याची खोली होती. रडायला सवड नव्हती. सासूबाई मुलींना बघायच्या, मी बस धरायचे, बस चुकली तर चालत जायचे. पहिल्या आठवड्यात सोड्यानं बोटांची कातडी गेली, दुसऱ्या आठवड्यात नखं काळी पडली. पोळीऐवजी भाकरी करायला लागले, कारण पोळी लाटताना बोटं चरचरायची, भाकरी तळव्यावर थापता येते.

तिथं खातूनआपा भेटली. गंज पेठेतली, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी लागले त्याच उन्हाळ्यात एक डबा उन्हानं आपोआप पेटला. एकीनं बादली ओतली, विझेना. दुसरीनं लाथेनं डबा हौदात ढकलला, तर तो पाण्याखालीही जळतच राहिला. पाण्यात जाळ. मी खुळ्यासारखी वाकून बघत होते. आपानं मला वेणीला धरून मागं ओढलं. नंतर एवढंच म्हणाली, "शेवंते, तमाशा लांबून बघायचा असतो."

आपाचं एक कोडं होतं. तिच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान चांगलं चालायचं. घरी अडचण नव्हती. बाकीच्या बायका कुजबुजायच्या, ही कशाला येते इथं हात जाळून घ्यायला? आणि कामही सावकाश करायची. एकेक तुकडा उजेडात धरून बघायची, मग कापायची. मुकादम ओरडला तर ऐकून घ्यायची आणि पुढचा तुकडा उजेडात धरायची.

एके दिवशी भाकरी खाताना तिनं मला सांगितलं. तिची आई लग्नाआधी सिनेमात होती. मुक्या सिनेमात, म्हणजे ज्यात बोलणं नसायचं, मधे मधे पाट्या यायच्या. चार सिनेमे केले. तेव्हा चांगल्या घरच्या बायका सिनेमात जात नसत, पुरुषच साड्या नेसून उभे राहायचे. लग्न झाल्यावर घरात तो विषय बंद झाला. होते नव्हते ते फोटो वडिलांनी चुलीत घातले. आपा सहा वर्षांची असताना आई वारली.

"आवाज आठवतो," आपा म्हणाली, "हात आठवतात. हनुवटीवरचा तीळ आठवतो. चेहरा नाही आठवत, शेवंते. तिळाभोवती काहीच नाही."

चेहरा असलाच तर त्या चार सिनेमांत. ती कंपनी कधीच बुडालेली. डबे कुठं गेले कुणाला माहीत नाही, पण जुने डबे सगळीकडून शेवटी येतात कुठं? आमच्या हौदापाशी. म्हणून ती सहा वर्षं तिथं येत होती. तिनं मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या. हनुवटीवर तीळ असलेली बाई दिसली तर थांब. आणि उलटी फिल्म आली तर मला दाखवल्याशिवाय धुवू नकोस.

मी हो म्हटलं. इथंच माझी चूक झाली. मला वाटलं मला कळलं.

आमच्याकडे उलटीचे दोन अर्थ. एक ओकारी, ती तर त्या वासानं रोजचीच होती. दुसरा, खालचं वर. पट्टी शेवटाकडून उलगडली की माणसं डोक्यावर उभी दिसायची. मला वाटलं आपा तेच म्हणते. आता पट्टी उलटी आली की मी फिरवून सुलटी करायचे. सुलटी झाल्यावर तिला काय दाखवायचं? म्हणून मी कधीच काही दाखवलं नाही. आपालाही वाटलं असेल, आली नसेल.

ईदला आपानं तीन दिवस सुट्टी घेतली. त्यातल्या दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी बंद पडलेल्या स्टुडिओतले डबे आले. आठ डबे माझ्या वाट्याला. पहिलाच उघडला आणि पट्टी उजेडात धरली, तर त्यात एक विचित्र बाई. तोंड काळंठिक्कर, केस पांढरेशुभ्र, डोळे कसेतरीच. आणि हनुवटीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. मी तीळ शोधत होते. तीळ काळा असतो. हा पांढरा, म्हणजे कोड असेल. मला वाटलं डाकीण आहे, भुताचा सिनेमा आला, शेठ खूश होतील.

भीती वाटत होती तरी मी बराच वेळ बघत बसले, कारण असली बाई आधी पाहिली नव्हती. मग कापली. आठही डबे मीच धुतले. गाळ भरपूर निघाला.

आपा सुट्टीवरून आली, डबीत शीरखुर्मा घेऊन. विचारलं, काही आलं होतं का? मी म्हटलं, काही नाही, एक भुताचा होता. ती म्हणाली, भुताचं काय बघायचं, आणि कामाला लागली.

पाच-सहा महिन्यांनी एक साहेब शेडवर आले. एरंडवण्यात राहायचे, जुने सिनेमे जमवायचा नाद होता. भंगारातून सिनेमे परत विकत घ्यायला यायचे आणि शेठशी वाद घालायचे. त्या दिवशी माझ्या पुढ्यातला डबा त्यांनी उचलला, पट्टी उजेडात धरली आणि डोळ्यांजवळ नेली. मी डोकावून पाहिलं. काळी तोंडं, पांढरे केस. मी म्हटलं, साहेब, भुताचा आहे.

"बाई, भुताचा नाही, उलटी आहे ही," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्यातून पहिल्यांदा अशीच निघते. पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. हिच्यावरून मग सुलट प्रती काढतात. प्रत गेली तर दुसरी काढता येते. ही गेली की सिनेमा संपला."

मी विचारलं, साहेब, कुणाला तीळ असला तर?

ते म्हणाले, पांढरा दिसेल.

आपा वीस पावलांवर कोऱ्या पट्ट्या वाळत घालत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी हातातली कात्री खाली ठेवली, परत उचलली आणि काम करायला लागले. तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. ती रोज येऊन तुकडा न् तुकडा उजेडात धरायची, आणि मी शेजारी उभी राहून बघायचे. नवरा गेला तेव्हा इतकं जड गेलं नव्हतं. तो माझ्या हातानं गेला नव्हता.

पुढं दोन वर्षांत शेड बंद झाली. काळे-पांढरे सिनेमे संपत आले आणि रंगीत पट्टीत चांदी राहत नाही, पट्टी तयार करतानाच ती निघून गेलेली असते. साहेबांनी मला विचारलं, माझ्याकडे याल का? म्हणाले, "नासवायचं कसं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. आता जपायचं शिका." आपा घरी बसली, नवऱ्याचा दमा वाढला होता.

साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या तीन थंड खोल्यांत मी तेवीस वर्षं काम केलं. हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही, उलट आवाज थोडा चढतोच. काम असं: पट्टी एका चक्रावरून दुसऱ्यावर हातानं गुंडाळायची, सुती कापडानं पुसत पुसत. कड बोटातून सरकते. कुठं कडेचं भोक फाटलंय, कुठं जोड सुटतोय, ते बोटाला कळलं पाहिजे. साहेब म्हणायचे हातमोजे घाला. मी म्हटलं, तुमच्या बोटाचे ठसे उठतील, माझे कुठून उठणार? तेव्हापासून मला मोज्यांची सूट मिळाली.

फिल्म कुजायला लागली की वास बदलतो. एका जातीची आंबट होते, लोणचं बिघडल्यासारखी. मी खोलीच्या दारातून सांगायचे, तिसऱ्या फळीवरचा खालून दुसरा डबा बिघडतोय. एकदा परदेशातून दोन पाहुणे तपासायला आले होते, कागदाच्या पट्ट्या डब्यात ठेवायचे आणि रंग बदलायची वाट बघायचे. दोन दिवसांनी रंग बदलला, तिसऱ्या फळीवर, खालून दुसरा. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, या आमच्या तपासनीस. माझ्या खानदानात कुणाला हुद्दा मिळाला नव्हता. मी घरी जाऊन धाकटीकडून तो शब्द पाटीवर लिहून घेतला.

तिथं मी काय काय ऐकलं. जुन्या सिनेमातली रात्र भर दुपारी काढलेली असायची, मग पट्टी निळ्या पाण्यात बुडवायची, की झाली रात्र. आग असली तर लाल पाण्यात. आणि ती साय जनावरांची हाडं उकळून करतात. सोवळ्यातले एक गृहस्थ संतांच्या सिनेमाची पट्टी कपाळाला लावत होते, साहेबांनी त्यांना मुद्दाम तेव्हाच हे सांगितलं.

पण मला अभिमान आहे तो उलटी फिल्म वाचण्याचा. साहेबसुद्धा उलट्या पट्टीतला माणूस पटकन ओळखू शकत नसत. मी ओळखायचे. काळं तोंड बघून सांगायचे, ही गोरी आहे, डोळ्यात काजळ आहे, कपाळावरचं कुंकू पुसट आहे, रडून झालेलं आहे. हे मी शिकले नाही, स्वतःला शिक्षा म्हणून केलं. रोज थोडा वेळ उलटी पट्टी घेऊन बसायचे आणि मनात सुलटी करायचे. साहेब म्हणाले, शेवंताबाई, तुम्ही आता रस्त्यावरच्या माणसांनाही उलटं बघत असाल. मी म्हटलं, काही तशीच बरी कळतात.

एकदा एक बँकेतले गृहस्थ बायकामुलांसह आले. त्यांचे आजोबा मुक्या सिनेमात नायिका होते. होते, हो. मिशी काढून, नऊवारी नेसून. आम्ही पट्टी लावली. आजोबा विहिरीवर पाणी भरतायत, लाजतायत, पदर सावरतायत. त्यांची बायको म्हणाली, "अहो, तुमच्याकडच्या बायकांत एक तरी इतकी नाजूक आहे का?" सगळे हसले, आणि ते गृहस्थ हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, चालायची ढब माझ्या वडिलांची आहे.

त्या दिवशी मला आपाची फार आठवण आली. तेव्हापासून येणारा प्रत्येक डबा मी तिच्यासाठी बघायला लागले. आठ डबे मी धुतले, पण तो एकच सिनेमा. तिच्या आईचे सिनेमे चार होते.

निवृत्तीला दोन वर्षं असताना बुधवार पेठेतल्या एका घराच्या माळ्यावरून डबे आले. एक उलटी पट्टी होती. त्यात बाई, आणि हनुवटीवर पांढरा ठिपका. मी चक्र थांबवलं. साहेबांना सांगितलं, ते काही न विचारता सुलट प्रत काढून आणायला तयार झाले. महिना लागला. तो महिनाभर मी आपाकडे गेले नाही. उगाच आशा कशाला लावायची? प्रत आल्यावर मात्र रिक्षा करून गंज पेठेत गेले. आपा सासष्ट वर्षांची झाली होती, नवरा गेलेला, मोतीबिंदू काढलेला. मी म्हटलं, चल. ती काही न विचारता चपला घालून निघाली.

साहेबांनी तिला बघायच्या टेबलापुढं खुर्ची दिली आणि बाहेर गेले. मी चक्र फिरवायला लागले. बाई आली, वळली, देवाला हात जोडले, परत वळली. आपा पुढं झुकून बघत होती. मग मागं टेकली.

"ही नाही," ती म्हणाली. "हिचा तीळ काजळाचा आहे. आधी बाजूला होता, आता मधे आलाय."

मी परत बघितलं. खरंच होतं. एकवीस वर्षं पट्ट्या तपासणारी मी, आणि तीळ चालतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आपाच मला समजवायला लागली, की असू दे, तू एवढं केलंस, मी तर कधीच नाद सोडला होता. ती असं गोड बोलत राहिली असती तर मी आयुष्यभर गप्प बसले असते. पण मला ते सहन होईना. मी उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. ईदची सुट्टी, आठ डबे, उलटी म्हणजे मला काय वाटलं, पांढरा ठिपका, आणि साहेबांनी सांगितल्यावर मी गप्प बसले ते.

आपानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. बराच वेळ लागला तिला त्या कामाला.

"किती वेळ बघितलंस तिला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बराच.

"मग बस खाली आणि सांग."

मी म्हटलं, आपा, ती तुझी आई होती की दुसरी कुणी, मला ठाऊक नाही. तीळ डावीकडे होता की उजवीकडे तेही सांगता येणार नाही, पट्टी पालथी धरली तर बाजू बदलते.

"डावीकडे होता. ते मला माहीत आहे. तू बाकीचं सांग."

मी बसले. डोळे मिटले. बाई दारातून बाहेर येते, उंबऱ्यावर थांबते, हातात तबक आहे, मागं वळून आतल्या कुणाशी तरी बोलते, ओठ हलतात, मग एकदम हसू येतं आणि ते लपवायला ती तबक तोंडापुढं धरते. मी बोलत होते, आपा मधे मधे विचारत होती.

"साडी कसली होती?"

"काळी," मी म्हटलं, आणि जीभ चावली. "नाही आपा. पांढरी. पांढरी होती, काठ तेवढा गडद."

"केस पिकलेले?"

"काळेभोर. लांब वेणी, पुढं घेतलेली."

"म्हणजे तरुण होती."

"अठरा-एकोणीसची असेल. तुझ्या नातीएवढी."

आपानं खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाली, पहिल्यापासून सांग, घाई करू नकोस. मी उंबऱ्यापासून परत सांगायला सुरुवात केली, एकही चौकट न गाळता, आणि या वेळी सगळे रंग पहिल्यांदाच सुलट सांगितले.